गुणाजीकाकांचं गाऱ्हाणं

मला ध्यान जमत नाही. डोळे मिटले की ऑफिसातली माणसं समोर येतात आणि त्यांना काय सुनवायला हवं होतं ते एकेक सुचत जातं. पण जिच्याबरोबर मी राहते, भांडते आणि जिच्या नावावर आमचा गॅस आहे, त्या गंधालीने एक दिवस सरळ सांगितलं, "नमिता, एक तर त्या ग्रुपला जा, नाहीतर तोंड सांभाळ." दोन्हींत ध्यान सोपं वाटलं. म्हणून मी दर रविवारी घाटकोपरहून आत्मकरुणा शिकायला जाऊ लागले.

ग्रुप आमच्यासारख्यांचा. कुणी गे, कुणी लेस्बियन, कुणी ट्रान्स, कुणी अजून ठरवतंय. चालवणारा कृणाल, अंधेरीचा, तिशीच्या आतला. तो कुठल्याशा डोंगरावर जाऊन बरेच दिवस एक शब्दही न बोलता राहून आला होता आणि तेव्हापासून ती सगळी भरपाई आमच्यावर करत होता. आवाज मात्र इतका मऊ की त्याने "चप्पल बाहेर काढा" म्हटलं तरी कुणीतरी वारल्यासारखं वाटायचं. तो सांगायचा, आधी आवडत्या माणसाचं भलं चिंता, मग नावडत्याचं, आणि शेवटी स्वतःचं. "मी सुखी असो. मी सुरक्षित असो. मी जसा आहे तसा मला स्वीकारता येवो." ही वाक्यं त्याने इंग्रजीतून मराठीत आणली होती आणि प्रवासात ती बरीच दमलेली दिसत होती.

या ग्रुपात गुणाजी घाडीगावकर सगळ्यांत मोठे. साठी ओलांडलेली, पांढरा हाफ शर्ट, खिशात पेन, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं की हे चुकून आलेत आणि यांना भजनी मंडळ हवं आहे. विकी, जो अंधेरीच्या एका पार्लरमध्ये केस रंगवतो आणि स्वतःचे दर महिन्याला बदलतो, त्याने तर सरळ विचारलं, "काका, रस्ता चुकलात काय?" काका म्हणाले, "चुकलो होतो रे. आता सापडला." विकीने सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली.

काका मूळचे मालवणाकडचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तशी बिऱ्हाड परळहून मुलुंडला आलं. काकांनी मुलुंडच्याच एका औषधाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत नोकरी काढली. लग्न केलं नाही. विचारणाऱ्याला ते "योग नव्हता" एवढंच सांगत, आणि आपल्याकडे योगाच्या पुढे कुणी काही विचारत नाही. थोरला भाऊ गेल्यावर घरात ते आणि वनमालावहिनी अशी दोनच माणसं उरली. घर वहिनींच्या नावावर.

काकांना दोन गोष्टींचा मान होता. एक, सोसायटीच्या फळ्यावर सूचना लिहायचा, कारण अक्षर मोत्यासारखं. आणि दुसरा, गाऱ्हाणं घालायचा. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही, इतरांसाठी सांगते. कुठलंही शुभकार्य असो, एक माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. घाडीगावकरांच्या घराकडे तो मान गावच्या देवळापासून होता. मुलुंडातही गणपती असो, नवं घर असो की कुणाच्या मुलाची बारावी, लोक काकांनाच बोलवायचे. त्यांनी देवाकडे किती जणांना नवरे, बायका, नोकऱ्या आणि नातवंडं मागून दिली असतील त्याचा हिशेब देवालाच ठाऊक. फक्त एक होतं. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नाही, असं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलं होतं.

सुरुवातीला आमचा ग्रुप आरे कॉलनीत, म्हशींच्या गोठ्यांमागे एका झाडाखाली बसायचा, कारण जागेला भाडं नव्हतं. कृणालच्या मते तिथे निसर्ग होता. माझ्या मते डास होते. तिथेच एकदा गोलात बसलेलो असताना काकांनी अनंताचं सांगितलं. अनंता खारदांड्याचा कोळी. दोघांची ओळख जुनी, आणि मग ती ओळख राहिली नाही, संसारच झाला, फक्त तो आठवड्यातून एक दिवस चालायचा. दर रविवारी काका मुलुंडहून खारदांड्याला जायचे. घरी सांगायचे, मासे आणायला जातो. संध्याकाळी पिशवीत सुरमई नाहीतर बोंबील घेऊन परत. वीस-बावीस वर्षं असं चाललं.

"मुलुंडला मासे मिळत नाहीत?" मी विचारलं.

"मिळतात की. बिल्डिंगच्या खालीच बाजार."

"मग वहिनींनी कधी विचारलं नाही, इतक्या लांब कशाला?"

"मी सांगितलं होतं, तिथले ताजे असतात," काका म्हणाले. त्यांना ही थाप चांगली जमल्याचा थोडा अभिमानही होता.

अनंता गेल्या वर्षी गेला. झोपेतच. काकांना तिसऱ्या दिवशी कळलं, कारण कळवायला हवं असं त्यांचं कुणी नव्हतं. ते धावत गेले तेव्हा अनंताच्या बहिणीने आलेल्या पाहुण्यांशी त्यांची ओळख करून दिली, "हे आमचे मुलुंडचे जुने गिऱ्हाईक." वाईट मनाने नव्हे हो, बिचारीला तेवढंच माहीत होतं. काका गिऱ्हाइकासारखे कोपऱ्यात बसले, चहा प्यायले आणि घरी आले. त्या दिवशी पहिल्यांदा पिशवी रिकामी होती. वहिनींना त्यांनी सांगितलं की बाजार बंद होता.

हे सांगतानाही ते रडले नाहीत. कृणालने हळूच म्हटलं, "काका, आता डोळे मिटा आणि स्वतःला म्हणा, मी सुखी असो." काका पटकन उठले आणि म्हणाले, "ती म्हैस सुटलीय वाटतं, बघतो जरा." म्हैस बांधलेली होती. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं.

मग डासांनी आमची आत्मकरुणा पार संपवली आणि काकांनीच तोड काढली. सोसायटीचा हॉल रविवारी दुपारी रिकामा असतो, आणि हॉलच्या किल्ल्या त्यांच्याकडे. फक्त फळ्यावर कार्यक्रम लिहावा लागतो. कृणालने इंद्रधनुष्य वगैरे घालून एक नाव सुचवलं. काका म्हणाले, "नको रे बाबा, माझं घर वरच्याच मजल्यावर आहे." त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात फळ्यावर लिहिलं, 'आत्मकरुणा ध्यान वर्ग. रविवारी दुपारी चार वाजता.' आणि खाली, सत्यनारायणापासून पाण्याची टाकी धुण्यापर्यंतच्या प्रत्येक सूचनेखाली ते वर्षानुवर्षं जे लिहीत आले होते तेही हात न थांबता लिहून टाकलं. 'सर्वांचं स्वागत.'

रविवारी आम्ही हॉलवर पोहोचलो तर अर्ध्या खुर्च्या भरलेल्या. सोसायटीचे अध्यक्ष भाऊराव, स्वेटर घालून, उन्हाळ्यात. श्रुतिका आणि तिच्या सासूबाई, एकमेकींपासून चार खुर्च्या लांब. दोन-तीन पेन्शनर. आणि पुढच्या रांगेत, डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन, वनमालावहिनी.

"भावजी, तुमी आदी सांगूक नाय," वहिनी म्हणाल्या. "माका गुडघ्यासाठी कदीपासून कायतरी करूचा होता."

काकांचा चेहरा पांढराफटक. विकी माझ्या कानात म्हणाला, "वाट लागली यार. ही आत्मकरुणा आता आपल्याला महागात पडणार."

आता त्यांना घालवणार कसं? हॉल त्यांचा, फळ्यावर स्वागत, आणि वर लाडू. आम्ही बसलो. कृणालने डोळे मिटायला सांगितलं तेव्हा भाऊरावांनी विचारलं, "याने बीपीची गोळी बंद होते का?" कृणाल म्हणाला, श्वासाकडे लक्ष द्या. भाऊरावांनी दिलं, आणि ते बाकीच्यांनाही ऐकू येऊ लागलं.

खरी मजा पुढे झाली. शेवटी गोलात बसून मनातलं बोलायचं असायचं. तेवढ्यासाठीच तर आम्ही येत होतो. आठवडाभर घरी-दारी खोटं बोलून आलेल्या माणसाला तास-दीड तास खरं बोलायची ती एकच जागा. आता तिथे वहिनी आणि भाऊराव बसलेले म्हटल्यावर आम्ही सगळे मुके. बोलली ती सोसायटी. सासूबाईंनी सुनेचं सांगितलं, सुनेने सासूबाईंचं सांगितलं, दोघीही ढसाढसा रडल्या. एका पेन्शनरना कॅनडातल्या मुलाचा फोन आलेला नव्हता. विकी टिश्यूचा बॉक्स घेऊन फिरत होता. एरवी तो त्याच्यासाठीच असायचा. म्हणजे जखमा आमच्या, जागा आमच्यासाठी, आणि डोळे पुसून जात होती अख्खी सोसायटी. दुसऱ्या रविवारी तर बी विंगसुद्धा आली.

काकांची अवस्था मला बघवत नव्हती. या एका तासात त्यांना अनंतासाठी शोक करता येणार होता, आणि त्याच तासात वहिनी समोर येऊन बसत होत्या. कळलं तर काय होईल हे ते कप धुताना मला सांगायचे. वहिनी घरातून काढतील असं नाही, पण मान खाली घालून एकाच घरात राहणं त्यांना जमणार नव्हतं. आणि पुढे कुणाच्या घरी गाऱ्हाण्याला कोण बोलावणार? "देवासमोर उभं राहायला मग कोण देईल गं मला?" ते म्हणाले. मी एरवी अशा वाक्यावर भांडायला उठते. तेव्हा कप पुसत राहिले.

ध्यानात 'आता स्वतःसाठी' असं कृणाल म्हणाला की काका उठायचेच. हॉलच्या मागे छोटं स्वयंपाकघर होतं, तिथे चहा ठेवलेला असायचा. "उतू जाईल, बघतो," असं म्हणून ते आत जायचे. कृणालने आच कमी करून पाहिली, चहा नंतर ठेवायला लावला, पण काका त्यातूनही वाट काढत. स्वतःवर माया करायची वेळ आली की त्यांच्या दुधाला नेमकी उकळी यायची.

एका रविवारी भाऊरावांचा धीर सुटला. "हे काय रे, 'मी सुखी असो, मी सुखी असो'? बँकेचा फोन लागल्यासारखं वाटतं. आपल्याकडे गुणाजी असताना ही उसनी भाषा कशाला? गुणाजी, तू गाऱ्हाणं घाल."

सगळ्यांनी उचलून धरलं. मला वाटलं, कृणाल आता दुखावणार. पण तो पोरगा मी समजत होते त्यापेक्षा हुशार निघाला. "घाला ना काका," तो म्हणाला. "फक्त शेवटी स्वतःसाठीही मागायचं."

"आमच्यात तसं नसतं," काका म्हणाले.

"मग आजपासून," कृणाल त्याच मऊ आवाजात म्हणाला. त्या आवाजाशी वाद घालता येत नाही, हे त्याचं सगळ्यांत वाईट लक्षण.

काकांनी हॉलमधल्या गणपतीच्या फोटोसमोर नारळ ठेवला, चहा आत ठेवला की नाही याची खात्री करून आले आणि हात जोडून उभे राहिले. आणि आवाज बदलला. आमच्यात तोंडातल्या तोंडात बोलणारा हा माणूस एकदम छाती भरून बोलू लागला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी सोसायटी एका आवाजात. आम्हीही.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

भाऊरावांचं बीपी झालं. वहिनींचे गुडघे झाले. सासू आणि सून एकाच वाक्यात झाल्या, दोघींनीही नाइलाजाने व्हय म्हटलं. कॅनडाचा फोन झाला. मग काका जरा थांबले आणि आमच्याकडे वळले.

"आणि ही जी पोरां लांबलांबसून येतत, जेंका आपल्या घरात मनातला बोलाक गावत नाय, तेंच्या घरच्यांका बुद्धी दी. तेंची दारां बंद झाली आसतीत ती उघड. जेंनी जेंका आपला मानल्यानी, तेंची जोडी सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाऊरावांचा आवाज सगळ्यांत मोठा. विकीने फक्त मान हलवली. त्याला घर सोडून सहा वर्षं झाली होती आणि त्याच्यासाठी देवाकडे कुणी काही मागितल्याचं त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. माझेही डोळे भरले, आणि मला त्याचा भयंकर राग आला, कारण मी रडायला आले नव्हते.

"काका, आता स्वतःसाठी," कृणाल म्हणाला.

काका उभे होते. ओठ हलले. हात जोडलेलेच. सगळे थांबले.

"चहा..." काका म्हणाले आणि वळले.

"भावजी." वहिनी खुर्चीवरून उठल्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. "थांबा थंयच. चाय उतू जाव दे."

मग त्या फोटोपुढे येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. बाई गाऱ्हाणं घालत नाही, हे तिथे असलेल्या प्रत्येक मालवणी माणसाला माहीत होतं. वहिनींनी हात जोडले. त्यांचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," एक-दोघं चाचरत म्हणाले.

"ह्यो आमचो गुणाजी सगळ्यांसाठी मागीत इलो. सोतासाठी कदी कायेक मागूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"दांड्याचो अनंता ह्येच्या जिवाचो माणूस होतो. तो गेलो. ह्येका त्येच्यासाठी रडाक पण गावला नाय."

या वाक्याला व्हय आलं नाही. काकांनी वहिनींकडे पाहिलं. मी माणसाचा चेहरा इतका उघडा पडलेला कधी पाहिला नाही. आणि मग मागच्या खुर्चीतून, गाऱ्हाण्यात खंड पडू नये एवढ्याच काळजीने, भाऊराव ठणकावून म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"त्येका तुझ्या पायाशी जागा दी. आणि ह्येचो जीव सुखात ठेव. ह्येच्या हातसून काय चूक झाली नाय, तरी झाली आसात असा ह्येका वाटता, तर ती पदरात घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळे. मी सगळ्यांत मोठ्याने.

आत चहा खरोखरच उतू गेला. जळक्या दुधाचा वास हॉलभर पसरला आणि काका जागचे हलले नाहीत. खाली बसले, गणपतीच्या फोटोपुढे, नारळाशेजारी, आणि ओक्साबोक्शी रडले. वहिनी त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभ्या होत्या, कारण एकदा खाली बसल्या की त्यांना उठता येत नाही. टिश्यूचा बॉक्स विकीने पहिल्यांदा आमच्यापैकी कुणाला दिला.

नंतर शेगडी घासताना मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"मासो खाली बाजारात गावता," त्या म्हणाल्या. "तेच्यासाठी कोणी दर आयतवारी, इस्त्रीचो शर्ट घालून, सेंट मारून दांड्याक जाता? मी काय येडी आसय?" जळलेलं भांडं त्यांनी माझ्या हातातून घेतलं, मला नीट घासता येत नव्हतं म्हणून. "मासे बंद झाले तेवा समाजला, माणूस गेलो. म्हटलंय, आपणहून सांगतीत. वर्स गेला. मेल्यान सांगल्यान नाय."

"मग वर्गाला गुडघ्यासाठी नाही आलात?"

"गुडघे दुकतत ते खरेच," वहिनी म्हणाल्या.

बाहेर भाऊराव काकांना गाठून उभे होते. माझे कान टवकारलेले. "गुणाजी, हा अनंता म्हणजे कोण रे? नात्यातला?" मी काकांचा चेहरा पाहत होते. 'मासेवाला' हा शब्द ओठांवर आलेला मला दिसला. तो त्यांनी गिळला.

"माझा माणूस होता, भाऊराव. बायको असते तसा."

भाऊरावांनी विचार केला. बराच वेळ केला. सोसायटीच्या उपविधींत यासाठी काही आहे का ते बहुतेक आठवत होते. मग चिडून म्हणाले, "मग सांगायचं नाही का तेव्हाच? कुणाच्या घरचं माणूस गेलं की सोसायटीतर्फे शोकसभा असते. तू स्वतः प्रत्येकाची लिहितोस फळ्यावर. आपलीच कशी राहू दिलीस?"

"राहिली खरी," काका म्हणाले.

"आता वर्षश्राद्धाला ठेवू. लिही."

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. बी विंग पुढच्या रविवारपासून यायची बंद झाली, आणि दोन कुटुंबांना गाऱ्हाण्यासाठी एकाएकी दुसरा माणूस सापडला. श्रुतिकाच्या सासूबाईंनी मला विचारलं, "हे साथीचं नाही ना गं?" मी शांत राहिले. ध्यानाचा एवढा फायदा मला झाला, हे मी गंधालीला सांगितलं.

पण त्या संध्याकाळी काका खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहिले तेव्हा मी शेजारी होते. ते लिहीत गेले. 'कै. अनंता, राहणार खारदांडा, यांच्या निधनाला वर्ष पूर्ण होत असल्याने रविवारी ध्यानाआधी शोकसभा.' त्यांच्याकडच्या प्रत्येक शोकसभेच्या सूचनेत गेलेला माणूस सोसायटीतल्या कुणाचा कोण, ते लिहायचंच असतं. कुणाचे वडील, कुणाच्या पत्नी. काकांनी लिहिलं, 'श्री. गुणाजी घाडीगावकर यांचे' आणि खडू थांबला. आयुष्यभर दुसऱ्यांची नाती सुवाच्य लिहिलेल्या माणसाला आपलं लिहिता येईना. मी म्हटलं, मी लिहू का? ते म्हणाले, "नको. तुझं अक्षर घाणेरडं आहे."

मग त्यांनी लिहिलं, 'जन्माचे सोबती'. अक्षर जरा वाकडं आलं. आणि खाली, हात न थांबता, 'सर्वांचं स्वागत'.

"अगं," ते एकदम दचकून म्हणाले, "शोकसभेला स्वागत कसं लिहितात? पुसतो."

"राहू दे काका," मी म्हटलं.

त्यांनी फडकं खाली ठेवलं.